एकशे ऐंशी भाराचं मत

माझ्या आईच्या नावावर एक मत चुकीचं नोंदलेलं आहे. ते मी नोंदलं. आता ते कुणालाच खोडता येणार नाही, मलाही नाही. ज्या वहीत ते आहे ती वही एका कपाटात ठेवलेली नाही. तिच्या प्रती कुठकुठल्या गावांतल्या संगणकांवर आहेत, आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला अशी बांधलेली आहे की मागचा एक आकडा हलवला तर पुढचं सगळं खोटं ठरतं. याला ब्लॉकचेन म्हणतात. ही रचना मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी खूश झालो होतो. खाडाखोड न होणारी वही, माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं?

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गेज रूममध्ये काम करतो. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, अशी मोजायची साधनं अचूक आहेत की नाहीत हे तपासायचं. साधन लागोपाठ दोन तपासण्यांत चुकलं की त्याला लाल स्टिकर लावायचा आणि वापरातून काढायचं. ते का चुकलं, कुणाच्या हातून पडलं, हे विचारणं माझ्या कामात येत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच करतो आहे, आणि एवढ्या वर्षांत माझ्या स्टिकरावर कुणी हरकत घेतलेली नाही.

ती वही पावसाची यंत्रं बसवणाऱ्या लोकांच्या एका जाळ्याची, आणि त्या जाळ्यात मी आलो तो मोजमापाच्या ओढीनंच. आपल्या गच्चीवर पाऊस मोजणारं एक छोटं यंत्र बसवायचं. त्याचे आकडे आपोआप जाळ्याकडे जातात, आणि आकडे खरे ठरले की आपल्या खात्यात टोकन, म्हणजे जाळ्याची स्वतःची नाणी, जमा होतात. या जाळ्याला मालक नाही, कंपनी नाही. नियम बदलायचा असो, कुणाला घ्यायचं असो की काढायचं असो, सभासद मत देतात. पण मत फुकट मिळत नाही. आपले टोकन कुलपात टाकायचे, म्हणजे काही काळ ते हलवता येत नाहीत. जेवढे कुलपात तेवढा आपल्या मताचा भार. गैरवागणूक केली तर कुलपातले काही कापले जातात. ज्याचं काही अडकलेलं आहे तो जबाबदारीनं मत देईल, असा यामागचा विचार.

एका सभासदाला एकच यंत्र, असा नियम होता. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या रो-हाऊसवर माझं यंत्र लागलं. मग मला वाटलं, येवल्याच्या घरावरही एक हवं. तिथं धाकटा भाऊ राहतो, अजून पैठणी विणतो, पण घर आईच्या नावावर, आणि आई आमच्याकडे नाशिकला. मी दुसरं यंत्र आईच्या नावानं घेतलं. पुष्कळ लोक असं करतात, आणि मग दोन्ही खात्यांची मतं स्वतःच देतात. मला ते पटेना. यंत्र आईचं, टोकन आईचे, तर मतही आईचं. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं मी घरात कधी चालू दिलेलं नाही, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो. शब्द हेच होते.

तर दर रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, मी आईला त्या आठवड्याचे प्रस्ताव वाचून दाखवायचो. मूळ इंग्रजीत असायचे. मी मराठीत सांगायचो. आई चौथी शिकलेली. चाळीस वर्षं मागावर बसलेली, त्यामुळे पाठ कायमची वाकलेली आणि नजर मात्र अजून एका धाग्याचा फरक ओळखणारी. मेथी निवडत ती ऐकायची.

"जाळ्याचं चित्र बदलायचं म्हणतायत. हिरव्याऐवजी निळं."

"चित्र बदललं तर पाऊस नीट मोजला जाईल का?"

"नाही, तसं काही नाही."

"मग नाय म्हण. ज्याला रंगवायचंय त्यानं स्वतःचं घर रंगवावं."

बायको आतून म्हणायची, "अहो, भरली का सासूबाईंची ग्रामसभा? दुधाचं पातेलं खाली उतरवा आधी, मग ठराव."

आई फोनवर स्वतः अंगठा टेकवायची. मी फक्त कुठं टेकवायचा ते दाखवायचो. आमची मतं कधी जुळायची, कधी नाही. न जुळली तर तिला मोठी मजा वाटायची. "आज मी तुझ्या विरोधात," असं ती शेजारणीलाही सांगायची.

खंड्यावाला आमच्या घरात आला तो याच रविवारांतून. जाळ्यात तीस जण साक्षीदार होते. साक्षीदार म्हणजे इतरांचे आकडे खरे की खोटे हे ज्यांचे संगणक अहोरात्र तपासत राहतात ते. तिथं कुणी खरं नाव लावत नाही; हा एक जण खंड्या पक्ष्याचं चित्र लावायचा. निळा पक्षी, मोठी चोच. आईला ते चित्र आवडलं. प्रत्येक वेळी विचारायची, "तो खंड्यावाला काय म्हणतोय?" तो फारसं काही म्हणायचा नाही. नव्या माणसाचं यंत्र बिघडलं की समजावून सांगायचा, एवढंच. तो कुठला हे आम्हांला माहीत नव्हतं.

एका पावसाळ्यात त्याचा संगणक बंद पडला. नकाशावर साक्षीदारांचे हिरवे गोल दिसतात; त्याचा गोल करडा झाला. दहा दिवस सलग बंद असेल तर काढून टाकण्याचा प्रस्ताव आणता येतो, असा नियम. आकड्यांची देखरेख करायला तिघांची समिती होती आणि त्यात मी होतो. आम्ही त्याला तीन वेळा निरोप पाठवले. उत्तर नाही. अकराव्या दिवशी मी प्रस्ताव लिहिला. सोबत तक्ता जोडला: किती तास चालू, किती तास बंद, कोणत्या तारखेला कोणता निरोप. चांगला तक्ता होता. मी तो रविवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी टाकला. मतदान सात दिवस चालतं, म्हणजे पुढच्या रविवारी त्याच मिनिटाला बंद होणार. काढून टाकायला पडलेल्या मतभारापैकी दोन तृतीयांश 'हो' हवेत.

शेवटच्या दिवशी सकाळी मी तो आईला वाचून दाखवला.

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "अकरा दिवस बंद?"

"अकरा. आता अठरा."

"आणि कुणी गेलं नाय?"

"कुठं जाणार? तो कुठं राहतो तेच माहीत नाही. निरोप पाठवले. तीन."

"निरोप कुठं पाठवले? त्या बंद पडलेल्या डब्यावरच ना?"

"फोनवरही जातात ते."

"अरे, आपल्या गल्लीत अकरा माग होते," आई म्हणाली. "सकाळी उठलं की कानाला कळायचं कोणाचा चालू, कोणाचा बंद. एखाद्याचा माग दुपारपर्यंत बोलला नाय की कोणीतरी पदराला हात पुसत निघायचंच. काय गं, बरं हाय ना? धागा संपला असेल तर धागा द्यायचा, ताप असेल तर पेज द्यायची. मालक शेवटी यायचा, बोल लावायला. आधी मालक नाय यायचा. तुम्ही आधी मालक पाठवलाय."

"आई, इथं मालक नाही. तेच तर—"

"मग तर तुम्हांलाच जायला पाहिजे होतं. कोणी लिहिलाय हा कागद?"

मी म्हणालो, "मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ओळखीचं घर समजून चुकून दुसऱ्याच घरात शिरल्यावर माणूस बघतो तसं. मग म्हणाली, "कुठं टेकवू? नाय म्हणायचंय मला." आणि टेकवला अंगठा. सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. ती नोंद वहीत आहे.

दुपारी सिन्नरच्या सभासदाचा फोन आला. हे गृहस्थ तिथल्या वसाहतीत वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतात, आणि समितीतले दुसरे. बोलायला मोकळे, टोमणे मारण्यात पटाईत.

"काय साहेब, तक्ता एकदम झकास! फ्रेम करून लावावा असा. पण मतं कुठायत?"

"येतील. चार तास आहेत."

"चार तासांत मतं येत नाहीत, साहेब, पाहुणे येतात. पडणार तुमचा प्रस्ताव. पडला की लोक म्हणणार, समितीनं नियम लावला आणि समितीलाच घरी पाठवलं. मग कशाला बसायचं आपण तिघं? भेळ खायला?"

मी सव्वासहाला आकडे पाहिले. मला ते पाठ आहेत, पाहावे लागत नाहीत. एकूण पडलेला मतभार नऊ हजार. 'हो' पाच हजार आठशे नव्वद. 'नाही' तीन हजार एकशे दहा. लागणारे सहा हजार. एकशे दहा कमी. माझे दोनशे चाळीस 'हो'त आधीच होते.

आईचे एकशे ऐंशी होते.

मतदान संपेपर्यंत मत बदलता येतं. आई देवळात गेली होती, फोन टेबलावर होता. अंगठ्याशिवाय चार आकड्यांनीही तो उघडतो, आणि ते चार आकडे मीच बसवून दिलेले. मी स्वतःला काय सांगितलं तेही मला आठवतं. आईला नियम कळलेला नाही. ती गल्लीचा विचार करते, हे जाळं आहे. मी नसतो तर तिला हे मतच नसतं. आणि माझा तक्ता बरोबर आहे. हे शेवटचं सगळ्यात मोठं होतं. त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि बरोबर असलेला कागद पडणार होता.

सहा वाजून बावीस मिनिटांनी मी आईचं 'नाही' काढून 'हो' केलं. सहा हजार सत्तर विरुद्ध दोन हजार नऊशे तीस. सहा चाळीसला मतदान संपलं आणि कुणीही हात न लावता, यंत्रानंच, पुढची कामं केली: त्याच्या कुलपातला ठरलेला भाग कापला, यादीतून नाव काढलं. करडा गोल नकाशावरून नाहीसा झाला. तिसाचे एकोणतीस झाले.

आई आली. चप्पल काढता काढता विचारलं, "काय झालं रे त्याचं?"

"राहिला," मी म्हणालो. "मतं कमी पडली."

"बरं झालं. आता विचारा तरी त्याला."

"विचारतो."

इथून पुढचं लिहायला जड जातं. एक खोटं बोलून भागेल असा माझा हिशोब होता. पण पुढच्या रविवारी आईनं पुन्हा विचारलं. आता खंड्यावाला तिचा झाला होता. तिच्या एका मतावर राहिलेला. कुणाला तरी आपण वाचवलं असं आयुष्यात कितीदा वाटतं माणसाला?

"विचारलंस का? काय झालं होतं?"

"लाईट गेली होती त्याच्याकडे. मोठा पाऊस झाला."

"बघ! मी काय म्हटलं? आणि आता?"

"आता चालू आहे."

त्यानंतर मी त्याला जिवंत ठेवत गेलो. थंडीत त्याच्या घरी लग्न काढलं. उन्हाळ्यात त्याचं यंत्र माकडांनी पाडलं आणि त्यानं पुन्हा बसवलं. माकडांवर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी गेज रूममध्ये मिलिमीटरचा हजारावा भाग मोजायचो आणि घरी येऊन माकडं सांगायचो. बायकोला सगळं कळलं होतं. ती एकदाच म्हणाली, "किती दिवस?" पुन्हा तिनं विचारलं नाही. पण रविवारी ग्रामसभेची थट्टा करणं तिनं सोडलं. त्या वेळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून जायची.

मी रोज सकाळी नकाशा उघडायचो. जिथं तो गोल होता ती जागा मला न शोधता दिसायची. तिथं काही नव्हतं. पावसात आमच्या गच्चीवरच्या यंत्रातली छोटी पळी भरली की कलंडते आणि टक्क असा आवाज होतो. आधी तो आवाज ऐकून मी मनात मोजायचो. आता तो एकसारखा चालू असला तरी मी तो थांबण्याची वाट पाहायचो, आणि थांबला की पुन्हा नकाशा उघडायचो. कोणाचा तरी बंद पडला, असं वाटायचं.

दोन वर्षांनी आई आजारी पडली. मूत्रपिंडाचं दुखणं. फार लांबलं नाही. घरीच होती. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "त्या खंड्यावाल्याला एक कळव."

"काय?"

"की मी नाय म्हटलं होतं. तुला काढू नका म्हटलं होतं. माझं नाव सांग. त्याला माहीत असू दे की येवल्याची एक बाई हाय."

"सांगतो."

"लगेच सांग. तू लय टाळतोस."

तेव्हा मी तिला खरं सांगायला हवं होतं, की तिला त्या समाधानात जाऊ दिलं ते बरं झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फक्त घडलं ते लिहितो. मी "सांगितलं" म्हणालो. त्याच संध्याकाळी. "काय म्हणाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नमस्कार सांगितलाय." ती बरं म्हणाली आणि कुशीवर वळली. चार दिवसांनी गेली.

आईचा फोन मी बंद केला नाही. येवल्याच्या गच्चीवरचं यंत्र चालूच होतं, पाऊस पडत होता, तिच्या खात्यात टोकन जमा होत होते आणि पूर्वीच्या सेटिंगप्रमाणे आपोआप कुलपात जात होते. ती गेल्यावर तिच्या मताचा भार वाढत होता. त्या मतदानाच्या वेळचे एकशे ऐंशी आता दोनशे दहा झाले होते. दर नव्या प्रस्तावाला तिच्या फोनवर सूचना यायची: तुमचं मत बाकी आहे. मी ती वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

मग एका बाईंनी जाळ्याच्या चर्चेच्या पानावर लिहिलं. ती खंड्यावाल्याची धाकटी बहीण. हिंदीत, साधं लिहिलेलं होतं. तो दूरच्या एका डोंगराळ जिल्ह्यात राहायचा, एकटाच. त्या पावसाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. दोन महिने दवाखान्यात. फोन घरी कपाटात. घरी आल्यावर फोन चार्ज केला तेव्हा आमचे तीन निरोप आणि चौथा निकाल, असे एकाखाली एक आले. त्यानं ते वाचले. डाव्या हातानं संगणकाची वायर काढून गुंडाळून ठेवली. नंतर पावणेदोन वर्षं जगला. जाळ्याचं नाव काढलं नाही. आता तो गेला होता. बहिणीला टोकन नको होते. यादीत त्याचं नाव परत घ्यावं, एवढीच तिची मागणी होती.

मी ते कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा उघडला होता, तो तसाच बंद केला. तारखा जुळवल्या. आईला मी माकडांची गोष्ट सांगितली तो उन्हाळा, तेव्हा तो उजवा हात हलवायला शिकत असणार.

तिच्या मागणीचा प्रस्ताव झाला. परत घ्यायलाही दोन तृतीयांश लागतात. लोकांचे दोन तट पडले. काही म्हणत, माणुसकी म्हणून घ्या. काही म्हणत, तेव्हा नियमानं काढलं, आता भावनेनं घेतलं तर उद्या कोणीही रडत येईल. पाचव्या दिवशी सिन्नरहून फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"साहेब, थोडक्यात राहतंय. दोनशेच्या आसपास कमी पडेल. मावशींचं खातं चालू दिसतंय अजून."

"हो."

"मग टाका ना त्यांचं मत. चावी तुमच्याकडेच आहे."

"आई वारली, तुम्हांला माहीत आहे."

"खातं कुठं वारलंय? अहो, त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या? हो म्हणाल्या असत्या का नाही?"

"म्हणाली असती."

"मग? एवढं तरी करा त्या माणसासाठी. तक्ता तुमचाच होता."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं.

मी आईचा फोन समोर घेऊन बसलो. चार आकडे टाकले. 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. एकदा ती जिवंत असताना मी तिचं खोटं मत दिलं होतं. आता ती नसताना खरं मत देता येत होतं. दोन्ही वेळा चावी बरोबर, आणि दोन्ही वेळा हात माझा. वहीला यातला फरक कळत नाही. ती फक्त चावी, म्हणजे फोनमधला खात्याचा गुप्त आकडा, ओळखते. तिच्या दृष्टीनं मी कधी काही चुकीचं केलंच नव्हतं, आणि आताही करणार नव्हतो. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "परत?"

तेवढंच. मी फोन खाली ठेवला.

मग मी माझ्या खात्यावरून लिहायला बसलो. तक्ताच केला, मला दुसरं येत नाही. सकाळी अकरा चार, नाही: खातेदारानं स्वतः दिलेलं. संध्याकाळी सहा बावीस, हो: मुलानं, न विचारता. खरी बेरीज हो पाच हजार आठशे नव्वद, नाही तीन हजार एकशे दहा. म्हणजे प्रस्ताव एकशे दहा भारानं पडला होता. खाली लिहिलं की या सभासदाला परत घेण्याचा प्रश्नच नाही, त्याला काढलंच गेलेलं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि त्याची जी शिक्षा नियमात आहे ती मला लावावी.

उत्तरं भराभर आली. काही शिव्या. काही कौतुक, ते शिव्यांहून सहन होईना. सगळ्यात जास्त लोकांनी जे लिहिलं ते असं: चावी बरोबर होती म्हणजे मत बरोबर. मागे जाऊन कोणाच्या घरात कोणी बटण दाबलं हे बघायला लागलो तर एकही मत टिकणार नाही. त्यांचं चुकत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं, आणि तक्ता जोडला असता.

सिन्नरच्यांनी फोन केला. मग म्हणाले, "गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं, साहेब?"

मी म्हणालो, "मोजणाऱ्याला."

"तुम्ही म्हणजे ना..." असं म्हणून त्यांनी ठेवला.

प्रस्ताव मात्र मंजूर झाला. माझं वाचून काहींनी आपली मतं बदलली. आता वहीत असं आहे: काढलं, पुढे परत घेतलं. 'काढलंच नव्हतं' असं कुठंही नाही, आणि तसं लिहायला त्या वहीत जागाही नाही. माझ्या विरोधातला प्रस्तावही आला. माझ्या कुलपातला भाग कापला गेला, समितीतून आणि जाळ्यातून मी बाहेर. गच्चीवरचं यंत्र मी उतरवलं नाही. त्याचे आकडे आता कुठंच जात नाहीत. येवल्याचं यंत्र मात्र भावाला सांगून काढायला लावलं, आणि आईचं कुलूप उघडायला घातलं. नियमाप्रमाणे एकवीस दिवस लागतात. एकविसाव्या दिवशी तिच्या मताचा भार शून्य झाला. तो शून्य मी बराच वेळ बघत होतो.

त्याच आठवड्यात त्या बहिणीचा निरोप आला, मला एकट्याला. माफ केलं किंवा नाही, यातलं काही नव्हतं. विचारलं होतं, सकाळी अकरा वाजता ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं नाव काय?

त्या जाळ्यावर नाव कुणी सांगत नाही, मीही कधी सांगितलं नव्हतं. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे गाव येवला. तिनं सांगायला सांगितलं होतं, उशीर माझ्याकडून झाला, असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भावानं, तिनं लिहिलं होतं, निकाल वाचल्यावर 'हो' म्हणणाऱ्या सगळ्या खात्यांची यादी एका वहीत उतरवून घेतली होती. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, तीन दिवस बसून. तो ती वही उशाशी ठेवायचा. कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही. तुमच्या आईंचं खातं त्यात एकेचाळिसावं आहे. ते मी खोडणार नाही, कारण ते दादाचं अक्षर आहे. शेजारी लिहून ठेवते.

काय लिहिलं, ते तिनं कळवलं नाही. मीही विचारलं नाही.